शाईखाली नोएल

गिस्लँ ओफ्रेच्या नावाने रुआँमध्ये गौरव-सप्ताह ठरला, तेव्हा त्याच्या मुलीला, सिबिलला, हसावं की रडावं ते कळेना. ज्या माणसाच्या सिनेमाला कधी धड अर्धं सभागृह भरलं नव्हतं, त्याच्यासाठी आता पॅरिसहून समीक्षक येणार होते, मंत्रालयातून कुणी बाई भाषण करणार होती. म्हातारा ऐंशी ओलांडून गेला, एका अंगाने लुळा पडला, दिएपच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसून समुद्राला शिव्या घालू लागला, आणि मग सगळ्यांना एकाएकी साक्षात्कार झाला की हा थोर आहे. सिबिलचं दिएपच्या बंदराजवळ औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध घेता घेता तिचं अभिनंदन करत, आणि ती आभार मानून पुढच्या माणसाकडे वळत असे.

गिस्लँ हा बंदरावर क्रेन चालवणाऱ्याचा मुलगा. बापाने त्याला गोदीत चिकटवायची खटपट केली, पण पोरगा कुठून तरी जुना हाताने चावी द्यायचा कॅमेरा घेऊन आला आणि धक्क्यावर दिवस काढू लागला. त्याची पहिली फिल्म म्हणजे पाऊण तास नुसत्या क्रेनच्या सावल्या. माणूस नाही, गोष्ट नाही, आवाज नाही. बाप रविवारचा कोट घालून बघायला आला, शेवटपर्यंत बसला, आणि बाहेर पडताना एवढंच म्हणाला की ती तिसरी क्रेन नीट फिरवलेली नाही, तो चालवणारा पिऊन आलेला असणार. गिस्लँ पुढे आयुष्यभर सांगायचा की एवढी नेमकी समीक्षा त्याच्या वाट्याला परत आली नाही.

दुसरी फिल्म समुद्राची, पण क्षितिज कुठेच दिसू न देता घेतलेली. ती पॅरिसच्या एका तळघरात दाखवली तेव्हा मोजक्या माणसांतलं एक घोरत होतं. गिस्लँने त्याला उठवू दिलं नाही. झोपलेला प्रेक्षक सगळ्यांत प्रामाणिक, असं तो म्हणे. असली वाक्यं त्याला भराभर सुचत आणि तो ती जपून ठेवी. घर मात्र त्याच्या वाक्यांवर चालत नव्हतं. ते चालायचं नोएलच्या नोकरीवर. नोएल त्याची बायको, प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळी कॉफीत पाव बुडवून खायची, मुलीची वेणी घालायची आणि सायकलवरून शाळेत जायची. नवऱ्याच्या सिनेमाबद्दल कुणी विचारलं की म्हणायची, "मला त्यातलं कळत नाही, पण मासे तो छान भाजतो."

सिबिल आठ वर्षांची असताना नोएल आजारी पडली. आजार पोटातला होता आणि त्या काळी त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. सिबिलची रवानगी आमियाँला, मार्तमावशीकडे झाली. तिथे ती वर्षभर राहिली. भेटायला जाऊ या म्हणून ती मावशीच्या मागे लागायची, आणि मावशी डोळे पुसत म्हणायची की आईलाच नकोय, आपलं हे रूप पोरीने बघायला नको, असं तिचं म्हणणं. बाबांनी तसं कळवलंय. पोरीने ते ऐकलं आणि गिळलं. अंत्यविधीला तिला आणलं तेव्हा पेटीचं झाकण लावलेलं होतं.

त्या वर्षात गिस्लँने आपल्या आयुष्यातली मोठी फिल्म घेतली. घराची उत्तरेकडची खोली, त्यात पलंग, पलंगावर नोएल. तो रोज कॅमेरा लावायचा. नोएल गेल्यानंतर दोन हिवाळे तो त्या रिळांवर वाकून बसला आणि प्रत्येक चौकटीतला तिचा चेहरा त्याने काळ्या शाईने झाकून टाकला. हाताने, एकेक चौकट. पडद्यावर उशी दिसते, चादरीची हालचाल दिसते, खिडकीचा पडदा हलतो, आणि जिथे चेहरा असायला हवा तिथून पार छातीपर्यंत एक काळा डाग थरथरत राहतो. 'उत्तरेची खोली' हे तिचं नाव. बेल्जियममधल्या एका महोत्सवात ती दाखवली आणि माणसं उठून उभी राहिली. बाया रडल्या. दुःखाला यापेक्षा सभ्य रूप कुणी दिलेलं नाही, असं छापून आलं.

मग गिस्लँ ओफ्रे हे नाव झालं. त्याला कलाशाळेत शिकवायला बोलावलं. पोरं त्याच्यासारखे खलाशांचे निळे स्वेटर घालून फिरू लागली. त्याच्या फिल्मला निगेटिव्ह नसायची. कॅमेऱ्यात गेलेली पट्टी तीच धुऊन, तीच प्रोजेक्टरवर चढायची. दुसरी प्रत नाही. "प्रत ठेवतो तो कारकून," असं तो वर्गात सांगायचा. "मी आधी सुईने तिचा चेहरा खरवडून काढला, मग वर शाई घातली. खाली काही नाही. परतीचा रस्ता ठेवायचा नसतो." 'उत्तरेची खोली' कुठेही दाखवायची तर रिळं तो स्वतः घेऊन जाई, स्वतः चढवी, स्वतः उतरवी. दुसऱ्या कुणाला त्याने त्या पट्टीला हात लावू दिला नाही. लोकांना ही त्याची भक्ती वाटायची.

आणि मुलाखतीत प्रत्येक वेळी तोच प्रश्न यायचा, चेहरा का झाकला? तो थोडं थांबायचा, आणि मग खाली बघून सांगायचा, "नोएल हसत होती. शेवटपर्यंत. कॅमेऱ्याकडे बघून माझ्यासाठी हसायची. ते हसू मला सोसवेना." सिबिलने हे पहिल्यांदा ऐकलं ते सुट्टीत मावशीकडे गेलेली असताना, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. त्या दिवशी तिला बापाचा जो राग आला तो कधी गेला नाही. आई हसत होती, आणि ते हसणं या माणसाने एकट्याने बघून खरवडून टाकलं. तिच्यासाठी एक चौकट ठेवायची बुद्धी झाली नाही त्याला.

त्यानंतरची गिस्लँची कारकीर्द म्हणजे उतारच होता. पाहुण्यांनी एकदा वाखाणलेला पदार्थ एखाद्या घरात रोज शिजावा, तसं त्याने जे दिसेल ते काळं करायला घेतलं. मच्छीमारांचे चेहरे काळे केले, जहाजं काळी केली, शेवटी एक अख्खी फिल्म काळी आणि कोपऱ्यात सुईच्या अग्राएवढा उजेड. लोक उठून गेले. विद्यार्थी जाहिराती करायला लागले. अनुदान देणाऱ्या समितीत त्याचाच एक जुना चेला बसला आणि त्यानेच नकार दिला. गिस्लँ दिएपला परतला, दारू पिऊ लागला, मग पडला. सिबिलने त्याला वृद्धाश्रमात ठेवलं, दर गुरुवारी दुकान लवकर बंद करून त्याला भेटायला गेली, त्याची नखं कापली. कर्तव्यात तिने कसूर केली नाही. माया मात्र ती आणू शकली नाही आणि आणल्याचं सोंगही तिने केलं नाही.

गौरव-सप्ताहासाठी रिळं रुआँच्या संग्रहालयात गेली. तिथे ती तपासायचं काम लोरँसकडे होतं. लोरँस पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, आणि एके काळी गिस्लँची विद्यार्थिनी. त्या निळ्या स्वेटरवाल्यांतली एक. तिने सिबिलला दुकानात फोन केला आणि म्हणाली की तू इकडे येऊन जा, फोनवर सांगण्यासारखं नाही.

सिबिल गेली. लोरँसने दिव्याच्या टेबलावर पट्टी पसरली होती. ती म्हणाली, "सरांनी आपल्याला बनवलं, सिबिल. इतकी वर्षं."

फिल्मच्या पट्टीला दोन बाजू असतात. एक मंद, तिच्यावर चित्र असतं. दुसरी चकचकीत, ती नुसती आधाराला. हाताने फिल्म रंगवणारा कुणीही मंद बाजूवरच काम करतो, कारण शाई तिथेच धरते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे शिकवतात, आणि लोरँसला ते गिस्लँनेच शिकवलं होतं. 'उत्तरेची खोली'त शाई चकचकीत बाजूवर होती. निसटू नये म्हणून वरून वार्निशचा हात मारलेला. मंद बाजूवर सुईचा एक ओरखडा नव्हता. म्हणजे शाई पुसली की खालचं चित्र जसंच्या तसं असणार होतं.

"त्यांनी खरवडलंच नाही," लोरँस म्हणाली. "तुझी आई आहे इथे."

सिबिल खुर्चीवर बसली. लग्नातला फोटो तिच्याकडे होता, शाळेतल्या मुलांबरोबरचा होता. त्या वर्षातली आई मात्र तिने कधी पाहिलीच नव्हती. आमियाँच्या त्या घरात झोपण्यापूर्वी तिने किती चेहरे मनात करून बघितले होते. आता वाटलं, बापाने काहीतरी राखून ठेवलं तर. तिला त्याच्याबद्दल एकदम मऊ वाटलं, आणि तसं वाटल्याचं तिला नवलही वाटलं. संपूर्ण फिल्म धुवायची की नाही, याचा निर्णय बापाच्या वतीने तिनेच घ्यायचा होता. पुसलेली शाई परत येणार नव्हती. गिस्लँ ओफ्रेची थोर फिल्म त्या दिवशी संपणार होती. तिने लोरँसला सांगितलं की आधी प्रत्येक रिळातला छोटा तुकडाच साफ कर, मग ठरवू.

लोरँसने कापूस स्पिरिटमध्ये भिजवला. वार्निश सुटलं, शाई करड्या पाण्यासारखी वाहून आली. तिने भिंग लावून बघितलं आणि ते सिबिलकडे दिलं.

चौकटीत चेहरा नव्हता, हात होता. तळवा कॅमेऱ्याकडे करून, बोटं पसरून, चेहऱ्यासमोर धरलेला हात.

"उजेड लागत असेल डोळ्यांवर," लोरँस म्हणाली.

"उत्तरेच्या खोलीत कसला आलाय उजेड," सिबिल म्हणाली.

दुसऱ्या रिळात हात होता. तिसऱ्यात होता. पुढे पुढे तो वाळत गेला, अंगठी सैल होऊन बोटाच्या पेरावर आली, पण हात तसाच वर. एका तुकड्यात तो जरा खाली घसरलेला आणि त्याच्याखाली तोंड दिसत होतं. लोरँसने तेवढा तुकडा हाताने फिरवायच्या यंत्रावर घातला आणि हळूहळू दांडा फिरवला. ओठ हलत होते. बहिऱ्यालाही कळलं असतं असा एकच शब्द, परत परत. नको. नको.

लोरँसचा चष्मा धुरकटला होता. ती म्हणाली की शेवटचं रीळ राहू दे. सिबिल म्हणाली, पूस, अख्खं.

शेवटच्या रिळात हात नव्हता. चेहरा पूर्ण दिसत होता, स्वच्छ, भुवईचा केसन्‌केस दिसावा इतका. गाल आत गेलेले, पापण्या पुरत्या न मिटलेल्या. हनुवटीखालून पांढरी पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली होती, तोंड उघडं पडू नये म्हणून मेलेल्या माणसाला बांधतात तशी. हात खाली छातीवर होते आणि त्यांच्याभोवती जपमाळ गुंडाळली होती. ते आता उचलले जाणार नव्हते, आणि गिस्लँने संपूर्ण रीळ चालवलं होतं.

सिबिलने बराच वेळ भिंग सोडलं नाही. सगळं आयुष्य तिने हा चेहरा मागितला होता. तो समोर होता आणि तिला आईची क्षमा मागावीशी वाटत होती, कारण आत्ता तीही त्या कॅमेऱ्याच्याच जागी उभी होती. मग तिने दिवा बंद केला. बाकीची शाई आहे तशी राहू दे, ती लोरँसला म्हणाली. साफ केलेले तुकडे आणि हे शेवटचं रीळ थंड खोलीत ठेव, कुणाला दाखवू नकोस. लोरँसने मान हलवली. समीक्षकांना काय सांगायचं, हेही तिने विचारलं नाही.

गुरुवार नव्हता तरी सिबिल त्याच दिवशी वृद्धाश्रमात गेली. गिस्लँ खिडकीशी होता, मांडीवर घोंगडी, लुळा हात घोंगडीवर ठेवलेला. त्याचं बोलणं सावकाश झालं होतं, पण डोकं शाबूत होतं.

"बाबा, लोरँसने शाई पुसून बघितली."

तो समुद्राकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "शेवटच्या रिळातली पण?"

"शेवटच्या पण."

"उजेड कसा आलाय?"

वाटेत तिने पुष्कळ काही योजून ठेवलं होतं. तो रडेल, नाकारेल, चिडेल, या सगळ्याची तिची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"ती नको म्हणत होती, बाबा."

"म्हणायची. आजारी माणूस सगळ्यालाच नको म्हणतो. सूपलासुद्धा नको म्हणायची."

"मग हसत होती म्हणून का सांगत फिरलात?"

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं पोरी. हात झाकला असं सांगितलं असतं तर काय राहिलं असतं फिल्ममध्ये? एकाला सांगितलं, त्याने छापलं. मग तेच खरं झालं."

तिने विचारलं की मग सुईने खरवडलं का नाही. हे विचारताना तिच्या मनात अजून एक बारीकशी आशा होती, आणि ती आपल्याला आहे याची तिला लाज वाटली. गिस्लँने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर चक्क उत्साह होता. एवढा चांगला फोकस मला आयुष्यात दुसऱ्यांदा साधला नाही, तो म्हणाला. खरवडायला हातच होईना. माझ्यानंतर कुणीतरी चकचकीत बाजू ओळखेल, शाई धुवेल, आणि तेव्हा कळेल लोकांना मी काय करून ठेवलंय. आधीची सगळी रिळं हातांची आणि शेवटी एकदम चेहरा. मी जिवंतपणी हे होईल असं वाटलं नव्हतं. तो धापा टाकू लागला, पण बोलायचा थांबला नाही. गौरव-सप्ताहात तशीच दाखवा म्हणाला, पूर्ण धुऊन.

सिबिलने त्याला पाणी दिलं. मग तिने ते विचारलं जे ती आमियाँपासून कुणाला विचारू शकली नव्हती.

"माझ्याबद्दल काही बोलायची का ती?"

"रोज. सिबिलला आण, सिबिलला आण. डोकं खायची."

"मावशी म्हणाली तिलाच नको होतं."

"मी तसं कळवलं होतं मार्तला." त्याने जिभेने ओठ ओले केले. "मी नोएलला म्हटलं, तू हात काढ, मी पोरीला आणतो. सरळ सौदा होता. माझ्यापाशी दुसरं काय होतं तिला द्यायला?"

"आणि?"

"हट्टी होती. शेवटी एक दिवस काढला. उशीवर टेकून बसली, केस नीट केले, हात खाली घेतला आणि बघितलं माझ्याकडे. कॅमेऱ्यातलं रीळ संपलेलं होतं. अडीच मिनिटांचं रीळ, त्याचं काय करणार. नवीन भरेपर्यंत ती थकली आणि हात परत वर गेला."

"म्हणून मला आणलं नाहीत."

"मिळालं कुठे होतं चित्र?" गिस्लँ म्हणाला. त्याला खरंच समजत नव्हतं ती काय विचारते आहे ते.

खाली धक्क्यावर मासळीच्या बोटी लागत होत्या आणि पक्षी कलकलत होते. सिबिलला वाटलं होतं की असं काही ऐकलं तर आपण किंचाळू. ती किंचाळली नाही. आईने केस नीट केले होते, हे तिच्या मनात फिरत राहिलं. कॅमेऱ्यासाठी नव्हे, आपण येणार म्हणून. आणि मग ती जे बोलली ते तिने योजलेलं नव्हतं, ते आपसूक तोंडातून आलं, अगदी दुकानात एखादं औषध संपल्याचं सांगावं इतक्या साध्या आवाजात.

"शेवटच्या रिळावर काही राहिलं नाही, बाबा. गुंडाळीत तुमचं वार्निश पलीकडच्या मंद बाजूला लागलं, त्याने चित्र खाल्लं होतं. शाईबरोबर सगळं निघून आलं."

"नाही," तो म्हणाला.

"कोरी पट्टी राहिली. लोरँसने खूप प्रयत्न केला."

"एक चौकट तरी?"

"एकही नाही."

त्याने चांगला हात तोंडावर दाबला. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज फुटला, लहान मुलासारखा, आत ओढून ओढून. नोएलला पुरलं तेव्हा तो रडला नव्हता. कबरीपाशी तो ढग कुठे सरकतायत ते बघत होता, सिबिलला पक्कं आठवत होतं. आता अश्रू त्याच्या हनुवटीवरून घोंगडीवर पडत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या जिभेवर होतं. तिने ते सांगितलं नाही, त्याचा हातही धरला नाही, उठून गेलीही नाही. त्याला रडताना बघायचं होतं तिला, पोटभर.

नर्स जेवणाचा ट्रे घेऊन आत आली आणि दारातच थबकली. काय झालं म्हणून तिने खुणेने विचारलं.

"आईची आठवण आली त्यांना," सिबिल म्हणाली.